युद्धाने उघड्यावर आणलेल्यांचा आधार : संत विन्सेंट डी पॉल

27 सप्टेंबर रोजी ख्रिस्तसभा संत विन्सेंट डी पॉल यांचा सण साजरा करते. त्यांचे नाव आपल्याला परके नाही. अनेक धर्मग्रामांत त्यांच्या नावाची सोसायटी आहे. गरजू कुटुंबाला महिन्याचे धान्य, एखाद्या मुलाची शाळेची फी, आजाऱ्याची औषधे अशा कामांतून आपण त्यांना ओळखतो. चित्रांत ते बहुधा तान्हे मूल छातीशी धरून उभे असतात. परंतु या संताच्या जीवनातले एक मोठे पर्व आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते. आयुष्याची शेवटची वीसेक वर्षे त्यांनी युद्धामुळे घरदार, शेत आणि गाव गमावलेल्या लोकांसाठी खर्ची घातली. त्या काळी रेड क्रॉस नव्हती, संयुक्त राष्ट्रसंघ नव्हता, निर्वासित छावणी ही कल्पनाही नव्हती. अशा वेळी एका धर्मगुरूने हे काम कसे उभे केले, ते आज आपण पाहू या.

शेतकऱ्याचा मुलगा

विन्सेंट यांचा जन्म 1581 साली (काही अभ्यासकांच्या मते 1580 साली) फ्रान्सच्या नैऋत्य भागातील डाक्स शहराजवळच्या पुई या खेड्यात झाला. आज ते गाव त्यांच्याच नावाने ओळखले जाते. सहा भावंडांतले ते तिसरे. घरची थोडी शेती होती. लहानपणी ते मेंढरे आणि डुकरे राखीत असत. मुलगा हुशार आहे हे पाहून वडिलांनी त्याला शिकविले, आणि पुढच्या शिक्षणासाठी बैलजोडी विकली. शेतकऱ्याच्या घरात बैलजोडी विकणे म्हणजे काय, हे आपल्या वाडवडिलांना विचारावे.

पण तरुण विन्सेंट संत नव्हते. डाक्सला शिकत असताना वडील एकदा भेटायला आले, तेव्हा त्यांचे साधे कपडे पाहून मुलाला लाज वाटली आणि तो भेटायला गेला नाही. म्हातारपणी विन्सेंट ही गोष्ट स्वतःच सांगत आणि खंत करीत. 1600 साली, अगदी कोवळ्या वयात, त्यांना गुरुदीक्षा मिळाली. चांगल्या उत्पन्नाची जागा मिळावी, आईला आधार द्यावा आणि सुखाने राहावे एवढीच त्यांची इच्छा होती. त्यासाठी ते पॅरिसला आले आणि पुढे गाँदी या सरदार घराण्यात मुलांचे शिक्षक झाले.

परमेश्वराने त्यांना 1617 साली जागे केले. जानेवारीत फॉलव्हील गावाच्या परिसरात एका मरणासन्न शेतकऱ्याचे पापनिवेदन ऐकताना खेड्यातील माणसे आध्यात्मिक दृष्ट्या किती दुर्लक्षित आहेत हे त्यांना उमगले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते शातियाँ गावचे धर्मगुरू होते. एका रविवारी मिस्सापूर्वी कोणी येऊन सांगितले की, गावाबाहेरच्या एका घरात सगळेच आजारी आहेत आणि कोणी बघणारे नाही. फादरांनी प्रवचनात ती गोष्ट सांगितली. दुपारी ते त्या घराकडे निघाले, तर वाटेत जथेच्या जथे दिसले. कोणी भाकर, कोणी मांस, कोणी सूप घेऊन चाललेले. अन्न इतके झाले की एका दिवसात संपण्यासारखे नव्हते. ते नासून जाणार आणि पुढच्या आठवड्यात ते कुटुंब पुन्हा उपाशी राहणार, हे विन्सेंट यांच्या लक्षात आले.

लोकांच्या मनात दया आहे, पण तिला घडी बसलेली नाही, हा धडा ते त्या दिवशी शिकले. काही दिवसांतच त्यांनी गावातील स्त्रियांना एकत्र केले. कोणत्या दिवशी कोणी जायचे, काय शिजवायचे, आजाऱ्याला कसे भरवायचे, पैशाचा हिशेब कोणी ठेवायचा, हे सारे लिहून ठरविले. पुढे त्यांनी जे काही केले, त्याचे बी या छोट्या गावात पडले.

पॅरिसमध्ये त्यांनी 1625 साली खेड्यांतील प्रेषितकार्यासाठी मिशन संघ स्थापन केला. 1633 साली संत लुईज दे मारियाक यांच्यासह डॉटर्स ऑफ चॅरिटी हा भगिनींचा संघ सुरू केला. 1634 साली पॅरिसमधील प्रतिष्ठित घरांतील स्त्रियांची लेडीज ऑफ चॅरिटी ही संस्था उभी राहिली. धर्मगुरू, शेतकरी घरांतल्या भगिनी आणि श्रीमंत स्त्रिया अशी तीन प्रकारची माणसे त्यांच्या हाताशी आली. याच माणसांना लवकरच युद्धाच्या वणव्यात उतरावे लागले.

लोरेनची दैना

1618 ते 1648 अशी तीस वर्षे युरोपात युद्ध पेटले होते. फ्रान्स आणि जर्मन प्रदेश यांच्या मध्ये लोरेन नावाचे एक छोटे स्वतंत्र राज्य होते. त्याचा ड्यूक फ्रान्सच्या विरोधात उभा राहिला. 1633 साली फ्रेंच सैन्याने राजधानी नान्सी घेतली. त्यानंतर फ्रेंच, जर्मन, स्वीडिश अशा सगळ्याच फौजा त्या भूमीवरून आल्या आणि गेल्या. त्या काळी सैनिकांना पगार वेळेवर मिळत नसे. जिथे तळ पडेल तिथले धान्य, गुरे आणि जे हाताला लागेल ते लुटायचे, हीच रीत होती. शेतकरी रानात पळाले, पेरण्या राहिल्या, मग दुष्काळ आला आणि मागोमाग प्लेग आला. काही वर्षांत लोरेनची निम्म्याहून अधिक लोकसंख्या नाहीशी झाली, असा इतिहासकारांचा अंदाज आहे.

तूल शहरात विन्सेंट यांचे काही मिशनरी आधीपासून होते. त्यांच्या पत्रांतून ही दैना पॅरिसला कळली. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. लोरेन हा शत्रूचा मुलूख होता, आणि त्याला नागविणाऱ्यांत खुद्द फ्रान्सच्या राजाचे सैन्य होते. फ्रान्समध्येही लोक गरीब होते, करांनी पिचलेले होते. आपलेच उपाशी असताना शत्रूच्या माणसांना का द्यायचे, असा प्रश्न त्या वेळीही सहज पडला असता. विन्सेंट यांच्या दृष्टीने भुकेलेल्या माणसाला राज्याची सीमा नव्हती. त्याच्या रूपाने प्रभू येशू दाराशी आला आहे एवढे त्यांना पुरेसे होते.

1639 सालापासून त्यांनी मदत पाठवायला सुरुवात केली. बारा मिशनरी तिकडे गेले. तूल, मेट्झ, व्हर्दून, नान्सी, बार-ल-द्युक अशा शहरांसाठी दरमहा सुमारे 500 लिव्र (त्या काळचे फ्रेंच चलन) नेमून दिले गेले. भाकरी, सूप, कपडे, औषधे यांचे वाटप ठरलेल्या पद्धतीने होऊ लागले. दिलेल्या पैशाची पावती घ्या, कोणाला काय दिले ते लिहून ठेवा, असे विन्सेंट आपल्या माणसांना पुन्हा पुन्हा बजावीत. हा पैसा गरिबांचा आहे, त्यातली दमडीही दुसरीकडे जाता कामा नये, ही त्यांची शिस्त होती. मिशनऱ्यांची पत्रे लेडीज ऑफ चॅरिटीच्या बैठकीत वाचली जात. आपले दागिने आणि पैसे कुठे पोचले हे देणाऱ्या स्त्रियांना कळत असे, म्हणून त्या पुन्हा देत.

या कामाची किंमतही मोजावी लागली. बार-ल-द्युक येथे आजाऱ्यांची सेवा करताना आणि पापनिवेदने ऐकताना एका तरुण मिशनऱ्याला आजाराने गाठले आणि 1640 साली तो मरण पावला. ज्यांना त्याने भरविले होते ते गरीब रडत त्याच्या अंत्ययात्रेत चालले.

थैलीवाला ब्रदर

पॅरिसहून लोरेनला पैसा पोचवायचा कसा? रस्तोरस्ती लुटारू आणि पळालेले सैनिक. हे काम मिशन संघाचे ब्रदर मात्यू रेन्यार यांनी अंगावर घेतले. ते धर्मगुरू नव्हते, साधे ब्रदर होते, पण धीट आणि हजरजबाबी. फाटके कपडे घालून, खांद्यावर जुनी थैली टाकून ते भिकाऱ्यासारखे चालत निघत. थैलीत हजारो लिव्रची सोन्याची नाणी असत. लुटारू दिसले की थैली झुडपात किंवा चिखलात फेकून द्यायची, मोकळ्या हाताने पुढे जायचे आणि ते गेल्यावर परत येऊन उचलायची, असे त्यांचे उपाय असत. दहाएक वर्षांत त्यांनी अशा पन्नासहून अधिक फेऱ्या केल्या आणि एकदाही पैसा गमावला नाही. त्यांच्या या गोष्टी ऐकायला स्वतः राणी ॲन उत्सुक असे. चरित्रकारांच्या हिशेबाप्रमाणे लोरेनला या काळात सुमारे 15 लाख लिव्र आणि त्याशिवाय पुष्कळ कापड पोचले.

ब्रदर मात्यू रिकाम्या हाताने परतत नसत. अनाथ झालेल्या किंवा सैनिकांच्या भीतीने जगणाऱ्या मुलामुलींना ते सोबत घेऊन पॅरिसला येत. मुलींना लुईज दे मारियाक आपल्या घरी ठेवून घेत आणि भल्या घरांत काम मिळवून देत. मुलांची सोय विन्सेंट यांच्या सेंट-लाझार या मठात होत असे. पुढे लोक आपण होऊन घोळक्याने येऊ लागले. त्यांना शहराबाहेरच्या ला शापेल या गावात उतरविले गेले. तेथे त्यांना जेवण मिळाले, कामधंदा शोधून दिला गेला, आणि त्यांच्यासाठी खास मिशन भरवून मिस्सा, प्रवचन व पापनिवेदनाचीही व्यवस्था झाली. पोटाबरोबर त्यांच्या आत्म्याचीही काळजी विन्सेंट यांनी घेतली.

लोरेनमधून काही सरदार घराणीही पळून पॅरिसला आली होती. होते ते विकून खाल्ले, पण हात पसरायची लाज. अशा माणसाची भूक सगळ्यांत उशिरा दिसते. विन्सेंट यांनी बॅरन द रेंती आणि इतर काही सरदारांना गोळा केले. महिन्याच्या पहिल्या रविवारी ते सेंट-लाझारला जमत, आपापला वाटा टाकीत, आणि मग एकेका कुटुंबाला भेटायला मित्र म्हणून जात. मदत पाकिटातून, सन्मानाने दिली जाई. चरित्रकार सांगतात की, एका महिन्यात दोनशे लिव्र कमी पडले. विन्सेंट यांनी मठाच्या खजिनदाराला हळूच बाजूला नेऊन मठात किती शिल्लक आहे ते विचारले. दुसऱ्या दिवशीच्या जेवणापुरतेच आहे, असे उत्तर आले. विन्सेंट यांनी तेही आणायला सांगितले. पुढे इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंडमधून छळामुळे पळून आलेल्या कॅथलिक कुटुंबांनाही असाच हात दिला गेला.

सत्तेपुढे

भाकरी वाटता वाटता विन्सेंट यांना एक गोष्ट छळत होती. एका हाताने आपण भरवितो आणि दुसरीकडे युद्ध रोज नवे भुकेले निर्माण करते. हे किती दिवस चालणार? चरित्रकार सांगतात की, ते एके दिवशी फ्रान्सचे सर्वसत्ताधीश कार्डिनल रिशेल्यू यांच्याकडे गेले, गुडघे टेकले आणि लोकांवर दया करून शांती आणावी अशी डोळ्यांत पाणी आणून विनवणी केली. कार्डिनल रागावले नाहीत, पण शांती आपल्या एकट्याच्या हाती नाही असे सांगून त्यांनी विषय संपविला. युद्ध चालूच राहिले.

1649 साली फ्रान्समध्येच यादवी माजली. बालराजा, राणी ॲन आणि पंतप्रधान कार्डिनल माझारँ पॅरिस सोडून सेंट-जर्मेनला गेले आणि राजाच्या फौजेने पॅरिसला वेढा घातला. गरिबांची उपासमार सुरू झाली. 14 जानेवारी रोजी पहाटेच्या अंधारात विन्सेंट घोड्यावर बसून निघाले. वय 68 च्या आसपास, पाय सुजलेले, सेन नदीला पूर आलेला. तशा पाण्यातून ते पलीकडे गेले आणि राणीसमोर उभे राहिले. शांतीसाठी माझारँ यांना दूर करावे, असे त्यांनी स्पष्ट सांगितले, आणि माझारँ यांनाही भेटून तेच सांगितले. कोणी ऐकले नाही. उलट पॅरिसच्या लोकांना वाटले की, हे राजाच्या बाजूला गेले. इकडे शेकडो सैनिकांनी सेंट-लाझारमध्ये घुसून धान्याची लूट केली. विन्सेंट यांना जूनपर्यंत पॅरिसला परतता आले नाही. पण जाण्यापूर्वी त्यांनी ताकीद दिली होती की, काहीही झाले तरी दारी येणाऱ्या गरिबांना भाकरी देणे थांबवू नये. लुटीनंतरही ते थांबले नाही.

बंधुभगिनींनो, शांतीसाठी त्यांनी केलेले हे दोन्ही प्रयत्न फसले. संतांच्या चरित्रात आपण बहुधा विजय शोधतो. येथे विजय नाही. फसल्यानंतर ते पुन्हा भाकरीच्या कामाला लागले, एवढेच आहे.

सूप, बियाणे आणि चरखे

1650 साली फ्रान्सच्या उत्तर सीमेवर पिकार्डी आणि शॅम्पेन हे प्रांत उद्ध्वस्त झाले. स्पॅनिश फौज गीझ शहराचा वेढा उठवून गेली. मागे रस्त्याच्या कडेला आजारी सैनिक आणि शेतकरी मरत पडले होते. विन्सेंट यांनी दोन मिशनरी, अन्न लादलेला एक घोडा आणि थोडे पैसे असे पाठविले. ते काही तासांतच संपले. मग मोठे काम उभारावे लागले. मिशनरी जे डोळ्यांनी पाहत ते पत्रातून लिहीत. शार्ल मेन्यार द बेर्निएर या पॅरिसच्या अधिकाऱ्याने ती पत्रे छोट्या पुस्तिकांच्या रूपाने छापून हजारो प्रती वाटल्या. 1650 ते 1655 या काळात त्या निघत राहिल्या, आणि वाचून लोकांनी पैसे, धान्य व कपडे पाठविले. रेतेल येथे डिसेंबर 1650 च्या लढाईनंतर मैदानात प्रेते तशीच पडली होती. एका मिशनऱ्याने मजूर लावून ती पुरविली.

1652 साली युद्ध पुन्हा पॅरिसच्या वेशीवर आले आणि भोवतालच्या खेड्यांतील लोक शहरात शिरले. त्या जूनमध्ये रोज सुमारे 15,000 लोकांना सूप दिले जात होते. त्यांत निर्वासित होते, तसे लाजेने घरात बसलेले गरीबही होते. एका धर्मग्रामात तर चार-पाच भगिनी 5,000 लोकांची चूल सांभाळीत होत्या. आठ-नऊशे निर्वासित मुलींना आणि स्त्रियांना सुरक्षित घरांत ठेवण्यात आले. मठ जळाल्यामुळे किंवा लुटला गेल्यामुळे रस्त्यावर आलेल्या धर्मभगिनींची वेगळी सोय झाली. जवळच्या एताम्प शहरात सेवा करताना विन्सेंट यांचे काही सोबती साथीत दगावले.

विन्सेंट यांना माणसाला कायमचे सूपाच्या रांगेत उभे ठेवायचे नव्हते. उत्तरेत मदत वाटणाऱ्या ब्रदर जाँ पार यांना ते विचारीत की, कोणाकडे जमीन आहे पण पेरायला बियाणे नाही? कोण काम करू शकतो पण हत्यार नाही? अशांना बी द्यावे, पुरुषांना कुऱ्हाड-विळा घेऊन द्यावा, स्त्रियांना चरखा आणि लोकर द्यावी, म्हणजे ते स्वतःच्या कष्टाने खातील. वृद्ध, आजारी आणि अनाथ यांना मात्र देत राहावे. एक पेरणी चुकली की सारे वर्ष हातचे जाते, हे बैलजोडी विकलेल्या बापाच्या मुलाला कोणी शिकवायला नको होते.

1658 साली कॅले येथे जखमी सैनिकांच्या सेवेसाठी राणीने भगिनी मागितल्या. चौघी गेल्या. त्यांतल्या दोघी आजाराने मरण पावल्या. ही बातमी पोचल्यावर त्यांच्या जागी जाण्यासाठी इतर भगिनी स्वतःहून पुढे आल्या.

अखेर आणि वारसा

विन्सेंट आता चालू शकत नव्हते. पायांच्या जखमा चिघळल्या होत्या. 1660 च्या मार्चमध्ये लुईज दे मारियाक यांना देवाज्ञा झाली, आणि 27 सप्टेंबर 1660 रोजी पहाटे खुर्चीत बसल्या बसल्या विन्सेंट परमेश्वराकडे गेले. 1737 साली पोप बारावे क्लेमेंट यांनी त्यांना संतपद बहाल केले. 1885 साली पोप तेरावे लिओ यांनी त्यांना साऱ्या दयाकार्यांचे आश्रयदाते म्हणून जाहीर केले. त्यांच्यापासून स्फूर्ती घेऊन 1833 साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानम आणि त्यांच्या मित्रांनी जी सोसायटी सुरू केली, तीच पुढे जगभर पसरली आणि आपल्या धर्मग्रामांत पोचली.

संयुक्त राष्ट्रसंघाच्या आकडेवारीनुसार 2024 च्या अखेरीस युद्ध, हिंसा आणि छळ यांमुळे घर सोडावे लागलेल्यांची संख्या जगात 12 कोटींहून अधिक होती. एवढा मोठा आकडा ऐकला की आपले हात गळून पडतात. संत विन्सेंट यांच्यासमोरचा प्रश्नही त्यांच्या ताकदीबाहेरचाच होता. त्यांनी युद्ध थांबविले नाही. त्यांनी एक शहर, एक महिना, एक पावती अशी सुरुवात केली आणि सोडली नाही.

कुठे संकट कोसळले की आपणही शातियाँच्या लोकांसारखे धावतो. पहिल्या आठवड्यात कपड्यांचे ढीग जमतात, आणि तिसऱ्या महिन्यात कोणी विचारीत नाही. या सणाच्या निमित्ताने प्रत्येक कुटुंबाने एक लहानसे व्रत घ्यावे. दरमहा ठरलेली रक्कम, थोडी का असेना, बाजूला काढावी आणि सोसायटीच्या बंधुभगिनींकडे सोपवावी. आपल्या परिसरात कामासाठी किंवा संकटामुळे गाव सोडून आलेले कुटुंब असेल, तर त्याची भाषा, जात, धर्म न विचारता एकदा त्याच्या दाराशी जाऊन यावे.

बाळ येशूला घेऊन मरिया आणि योसेफ हेही एका रात्री राजाच्या तलवारीपासून पळाले होते आणि परक्या इजिप्त देशात त्यांनी आसरा घेतला होता. त्यांना ज्यांनी घरात घेतले त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत, परमेश्वराला ठाऊक आहेत. संत विन्सेंट डी पॉल यांच्या मध्यस्थीने तोच आसरा देण्याची कृपा आपल्या धर्मग्रामाला लाभो, हीच प्रार्थना.